प्रकल्प नोंदी: लॅपटॉपवर गेमचा आवाज येतो, स्क्रीन मात्र काळी

४ जून

काम हाती घेतलंय ते बहिणीच्या लॅपटॉपचं. गेम सुरू केला की स्क्रीन पूर्ण काळी, मागून मेनूचं म्युझिक व्यवस्थित वाजतंय, आणि हे रोज होत नाही, कधी नीट चालतो तर कधी काळा. हे 'कधी कधी' प्रकरण सगळ्यात त्रासाचं, कारण काहीही बदल केला आणि गेम चालला तर तो बदलामुळे चालला की आपसूक चालला हे कळत नाही. म्हणून लिहून ठेवतोय. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर काय दिसलं ते इथे.

मशीन: विंडोज ११, स्क्रीन १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ. ग्राफिक्स दोन, एक प्रोसेसरमधलंच आणि एक वेगळं ४ जीबीवालं. गेम जुना आहे, डायरेक्टएक्स ९ च्या (गेमचं चित्र काढणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेची जुनी आवृत्ती) काळातला.

आधी काळं म्हणजे नक्की काय काळं ते बघितलं. अंदाजाने ॲरो की दाबल्या तर मेनूत एका ऑप्शनवरून दुसऱ्यावर जाताना जो टिक आवाज येतो तो येतोय. एंटर दाबलं तर पुढच्या मेनूचा आवाज. म्हणजे गेम अडकलेला नाहीये, तो मजेत चालूय, फक्त चित्र आपल्यापर्यंत येत नाहीये. हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं याचं मोठं समाधान, कारण यामुळे फाइल करप्ट आहे, अमुक डीएलएल (गेमला लागणारी जोडफाइल) नाहीये असले संशय बरेच मागे पडतात. जुन्या गेमना लागणाऱ्या डी३डीएक्स९_४३ सारख्या फाइल नसतील तर गेम सरळ एरर दाखवतो आणि उघडतच नाही, म्युझिक वाजवत बसत नाही.

विंडोज+कंट्रोल+शिफ्ट+बी दाबून बघितलं. हा शॉर्टकट ग्राफिक्स ड्रायव्हर जागच्या जागी रिस्टार्ट करतो, स्क्रीन क्षणभर लुकलुकते आणि एक बीप येतो. बीप आला, लुकलुकलं, परत काळं. ऑल्ट+टॅब केलं की डेस्कटॉप ताबडतोब दिसतो. विंडोज+पी मध्ये 'फक्त पीसी स्क्रीन' आहे, दुसऱ्या स्क्रीनवर चित्र जातंय असंही नाही.

५ जून

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडून सिस्टीम लॉगमध्ये ४१०१ नंबरची नोंद शोधली. ग्राफिक्स चिपने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं आणि 'डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो पूर्ववत झाला' अशा अर्थाची ४१०१ नोंद टाकतं. काळ्या स्क्रीनच्या वेळेच्या आसपास अशी एकही नोंद नाही. बरेच लोक काळी स्क्रीन आली की आधी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) जाऊन टीडीआरडिले, म्हणजे ही २ सेकंदांची मुदत, वाढवायला सांगतात, माझं मत असं की ४१०१ दिसत नसेल तर त्या सेटिंगला हातच लावू नये, रोग नसताना औषध कशाला.

ओव्हरले (गेमच्या चित्रावर आपली चौकट दाखवणारे प्रोग्रॅम) सगळे बंद केले, एकेक करून. फरक नाही. गेमच्या फाइल्स व्हेरिफाय केल्या, सगळ्या बरोबर निघाल्या.

६ जून

आज दोन ग्राफिक्सवाला मुद्दा. हा लॅपटॉपवाल्यांनी समजून घेण्यासारखा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये स्क्रीनची वायर वेगळ्या दमदार चिपला जोडलेलीच नसते, ती प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेली असते. गेमची फ्रेम तयार करते दमदार चिप, मग ती फ्रेम कॉपी होऊन प्रोसेसरच्या ग्राफिक्सकडे येते आणि तो ती स्क्रीनवर टाकतो. पत्र लिहिणारा एक आणि पोचवणारा दुसरा. काही मशीनमध्ये मक्स स्विच असतो, त्याने दमदार चिप थेट स्क्रीनला जोडता येते, या मशीनमध्ये तो नाहीये. तेव्हा लिहिलेलं पत्र मधल्या टप्प्यावर अडत असेल तर आवाज येणार आणि चित्र येणार नाही, लक्षण तंतोतंत जुळतं.

टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये 'जीपीयू इंजिन' हा कॉलम चालू केला की कुठला प्रोग्रॅम कुठल्या चिपवर आहे ते दिसतं. गेमसमोर जीपीयू ०. म्हणजे तो प्रोसेसरवाल्या ग्राफिक्सवरच चाललाय. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे बघितलं तर बहिणीने गेमला 'हाय परफॉर्मन्स' देऊन ठेवलेलं होतं, मग तरी जीपीयू ० का? तर तिथे ॲड केलेली ईएक्सई (प्रोग्रॅम सुरू करणारी फाइल) लाँचरची होती. या गेमचा लाँचर वेगळा प्रोग्रॅम आहे आणि तो पुढे खरा गेम सुरू करतो, ज्याची ईएक्सई आतल्या फोल्डरमध्ये आहे. सेटिंग ईएक्सईच्या पूर्ण पाथवर लागतं, लाँचरला दिलेलं गेमला लागू होत नाही. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' केलं की खरी ईएक्सई सापडते, ती ॲड केली.

आता जीपीयू १ दाखवतंय. स्क्रीन अजूनही काळी. पण हे सेटिंग असंच ठेवायचं, ते स्वतंत्रपणे बरोबर आहे.

७ जून

कॉन्फिग फाइल. डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये गेमचं फोल्डर आहे, त्यात सेव्ह आणि शेजारी एक आयएनआय फाइल, म्हणजे गेमच्या सेटिंग्ज लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल. सेव्हचं आख्खं फोल्डर आधी पेनड्राइव्हवर कॉपी केलं, बहिणीची त्यात खूप दिवसांची मेहनत आहे आणि माझ्या हातून तिची एक सेव्हही जाता कामा नये. मग आयएनआय डिलीट केली, गेम सुरू केला. ही फाइल नसली की गेमने डिफॉल्टने नवी बनवायला पाहिजे.

काळंच.

८ जून

ड्रायव्हर मुळापासून काढून टाकला. डीडीयू (ड्रायव्हर पूर्ण पुसून काढणारा प्रोग्रॅम) वापरलं, सेफ मोडमध्ये जाऊन. आधी दोन्ही ग्राफिक्सचे ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून उतरवून ठेवले आणि वायफाय बंद केलं, नाहीतर रिस्टार्ट झाल्या झाल्या विंडोज आपल्या मनाने कुठलातरी ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. अजून एक, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर सेफ मोडला जाताना ते रिकव्हरी की मागू शकतं, ती ४८ आकडी की आधीच लिहून ठेवावी, हे काम रात्री उशिरा सुरू करणाऱ्यांनी तर नक्कीच. ड्रायव्हर टाकताना आधी प्रोसेसरच्या ग्राफिक्सचा टाकला, मग दमदार चिपचा.

गेम सुरू केला. काळं. पण या वेळी मेनूचं म्युझिक वाजत असताना ऑल्ट+एंटर दाबलं आणि गेम विंडोत आला, आणि विंडोत मेनू लख्ख दिसतोय! परत ऑल्ट+एंटर, काळं. परत दाबलं, दिसतंय.

ही आतापर्यंतची सगळ्यात मोलाची गोष्ट. दमदार चिप फ्रेम बनवतेय, ती कॉपी होऊन स्क्रीनवर येतेय, म्हणजे परवा लिहिलेल्या त्या मधल्या टप्प्यावर काहीही अडत नाहीये. फक्त फुलस्क्रीनलाच काळं. विंडोत गेम असला की त्याला स्क्रीनकडे काही मागावं लागत नाही, डेस्कटॉप जसा चाललाय त्यातच तो एक चौकोन घेतो. जुन्या पद्धतीच्या फुलस्क्रीनला मात्र गेम स्क्रीनचा ताबा घेतो आणि सांगतो की मला अमुक रिझोल्यूशन, अमुक हर्ट्झ पाहिजे. मग तो मागतोय तरी काय?

विंडोतच मेनूत गेलो, व्हिडिओ सेटिंग्जमध्ये १९२० बाय १०८० निवडलं, ६० हर्ट्झ निवडलं, अप्लाय, फुलस्क्रीन. आलं चित्र. बंद करून परत सुरू केला, आलं. लॅपटॉप रिस्टार्ट करून बघितलं, आलं.

बहीण म्हणाली झालं ना दादा मग, दे आता. दिला, पण हे काम बंद केलेलं नाही. आकडे आधी काय होते ते पाहायचं राहिलं, आणि काल तर फाइल डिलीट केली होती तरी काळं आलं होतं, त्याचा उलगडा झालेला नाही.

११ जून

चाललाय. बहीण खूश.

१३ जून

परत काळं. तेच म्युझिक, तेच टिक टिक.

या वेळी कशालाही हात लावायच्या आधी आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडली. त्यातल्या कामाच्या ओळी अशा: रुंदी २५६०, उंची १४४०, रिफ्रेश १४४, फुलस्क्रीन १, मॉनिटर ०. पाच दिवसांपूर्वी मी मेनूतून १९२०, १०८०, ६० करून दिलं होतं. हे आकडे या लॅपटॉपचे नाहीतच, या स्क्रीनला १४४ हर्ट्झ येतच नाही. कुठून आले?

बहिणीला विचारलं मेनूत काही बदललं होतंस का, तर नाही म्हणाली, आणि मग सहज बोलता बोलता म्हणाली की अरे दादा, पण त्या दिवसापासून डेस्कटॉपवर गेम जरा धूसर दिसत होता, अक्षरं पुसट, मग मी तिथे सेटिंगमध्ये जाऊन नीट केलं काल.

डेस्कटॉपचा मॉनिटर २५६० बाय १४४०, १४४ हर्ट्झ.

म्हणजे ती दोन्हीकडे खेळते, एकाच अकाउंटवरून. सेव्ह क्लाउडवर जातात म्हणून इथे सोडलेला गेम तिथे पुढे चालू करता येतो, तिला ते फार आवडतं. आणि या गेमच्या बाबतीत क्लाउडवर सेव्हबरोबर ही आयएनआय फाइलसुद्धा जाते! लॅपटॉपवर मी १०८० केलं, ते क्लाउडवर गेलं, डेस्कटॉपवर उतरलं, १४४० च्या मॉनिटरवर १०८० चं चित्र ताणून दाखवलं तर ते धूसर दिसणारच. तिने तिथे १४४० आणि १४४ केलं, ते वर गेलं, लॅपटॉपवर उतरलं, आणि इथे काळं.

'कधी चालतो कधी नाही' याचा अर्थ आता लागला. शेवटी कुठल्या मशीनवर खेळली त्यावर सगळं ठरत होतं. ७ तारखेला डिलीट केलेल्या फाइलचंही तेच, गेम उघडण्याआधी लाँचरने बघितलं की फाइल जागेवर नाहीये आणि क्लाउडवरची जशीच्या तशी आणून ठेवली.

१४ जून

कोणती ओळ अडवते ते आज एकेक करून तपासलं. त्यासाठी आधी या गेमचं क्लाउड सिंक लॅपटॉपवर तात्पुरतं बंद केलं, नाहीतर आपण फाइल बदलायची आणि लाँचरने ती पुन्हा पुसायची.

फक्त रुंदी-उंची १९२० आणि १०८० केली, रिफ्रेश १४४ च ठेवला: काळं. रिफ्रेशही ६० केला: चित्र आलं. मग उलटं, रिफ्रेश ६० ठेवून रुंदी-उंची परत २५६०, १४४०: काळं. म्हणजे दोन्ही बरोबर लागतात, एक जरी स्क्रीनला न झेपणारं असलं तरी हा गेम काळा होतो. नव्या गेममध्ये असं बहुधा होत नाही, ते स्क्रीनला काय जमतं ते विचारून जवळचा मोड घेतात. या गेमने तेवढी काळजी घेतलेली नाहीये, मोड मिळाला नाही की तो गप्प म्युझिक वाजवत राहतो, साधा एक मेसेजही नाही. निदान 'हे रिझोल्यूशन चालणार नाही' एवढी एक ओळ दाखवली असती तरी किती लोकांचे ड्रायव्हर उगाच उलटेपालटे व्हायचे वाचले असते, मला हे मनापासून खटकतं.

दुसऱ्या कुठल्या गेमचं असं होत असेल त्यांच्यासाठी: हे आकडे प्रत्येक इंजिन (गेम ज्यावर बनवतात ते सॉफ्टवेअर, जसं अनरियल, युनिटी, सोर्स) वेगळीकडे ठेवतं. अनरियलवाल्या गेममध्ये बहुतेक वेळा ॲपडेटाच्या लोकलमध्ये गेमच्या नावाच्या फोल्डरात सेव्ह्ड, मग कॉन्फिग, आणि त्यात गेमयूझरसेटिंग्ज नावाची आयएनआय. तिथे फुलस्क्रीनमोड ० म्हणजे खरा फुलस्क्रीन, १ म्हणजे बॉर्डरलेस, २ म्हणजे विंडो. युनिटीवाले गेम रिझोल्यूशन विंडोजच्या रजिस्ट्रीत ठेवतात, स्क्रीनमॅनेजरने सुरू होणाऱ्या नावांखाली, त्यामुळे तिथे फोल्डर कितीही पालथे घातले तरी काही सापडत नाही. आणि मेनू दिसतच नसेल, ऑल्ट+एंटरही चालत नसेल, तर लाँच ऑप्शनमध्ये विंडोची सूचना देऊन आत शिरता येतं, अनरियल आणि सोर्स इंजिनला 'डॅश विंडोड', युनिटीला 'डॅश स्क्रीन डॅश फुलस्क्रीन' आणि पुढे ०.

१५ जून

आता उपाय कुठला करायचा. क्लाउड सिंक कायमचं बंद करणं हा सोपा मार्ग, पण मग इथली सेव्ह तिथे जाणार नाही, आणि ती दोन्हीकडे खेळते ते त्यासाठीच. आयएनआय रीड-ओन्ली करून बघितली, तर सिंकची तक्रार सुरू झाली आणि गेमला आपली कुठलीच सेटिंग लिहिता येईना, कंट्रोल बदलले तरी पुढच्या वेळी जुनेच. नको.

राहिला बॉर्डरलेस. म्हणजे दिसायला फुलस्क्रीन पण आतून ती विंडोच, कडा नसलेली, स्क्रीनभर पसरलेली. बॉर्डरलेसमध्ये गेम स्क्रीनकडे स्वतःचा मोड मागत नाही, डेस्कटॉपचा जो चालू असेल तो घेतो. या गेमच्या मेनूत बॉर्डरलेस आहे, फाइलमध्ये तो फुलस्क्रीन २ असा लिहिला जातो. तपासायची गोष्ट एकच होती की बॉर्डरलेसला हा गेम फाइलमधली रुंदी-उंची धरतो की सोडून देतो, कारण काही गेम धरून बसतात आणि मग चित्र स्क्रीनच्या बाहेर सांडतं. मुद्दाम २५६०, १४४०, १४४ लिहून फुलस्क्रीन २ केलं आणि सुरू केला. बरोबर १९२० बाय १०८० मध्ये आला, कडेपर्यंत, मेनूच्या खालच्या ओळीसकट. सोडून देतो!

बॉर्डरलेसने गेम थोडा जड होतो ही तक्रार जुनी आहे आणि त्यात तथ्य आहे, चित्र विंडोजच्या हातून जातं. विंडोज ११ मध्ये ग्राफिक्सच्याच पानावर 'विंडोड गेम्ससाठी ऑप्टिमायझेशन' आहे पण ते डायरेक्टएक्स १० आणि ११ च्या गेमपुरतं, या जुन्या गेमला त्याचा उपयोग नाही. तरी इथे खेळताना जाणवण्यासारखा फरक पडलेला नाही, गेम जुना आणि चिप त्यामानाने दमदार.

सिंक परत चालू केलं. चालू करताच लाँचरने विचारलं, इथली फाइल ठेवू की क्लाउडवरची. हा प्रश्न घाईत क्लिक करून टाकण्यासारखा नाही, कारण उत्तर आयएनआयपुरतं नसतं, सेव्हलाही तेच लागू होतं. दोन्हीकडच्या तारखा बघितल्या, शेवटची सेव्ह लॅपटॉपवरची होती, मग इथली ठेवली.

१६ जून

दोन्ही दिशांनी चाचणी. लॅपटॉपवर खेळून बंद केला, सिंक पूर्ण झाल्याची खूण येईपर्यंत थांबलो, डेस्कटॉपवर सुरू केला: १४४०, अक्षरं धारदार. तिथे थोडं खेळून, सेव्ह करून, बंद करून परत लॅपटॉपवर: चित्र आलं, सेव्हही तिथलीच पुढे. लॅपटॉप रिस्टार्ट करून परत: आलं. चार्जर काढून बॅटरीवर: आलं, जीपीयू १ वरच. मग मुद्दाम डेस्कटॉपवर जुना फुलस्क्रीन करून लॅपटॉपवर आणला आणि अपेक्षेप्रमाणे काळा झाला. हे हवंच होतं. त्रास आपल्याला पाहिजे तेव्हा आणता आला आणि घालवता आला की मगच कारण सापडलं म्हणायचं. परत बॉर्डरलेस केलं.

एक गोष्ट उरली ती म्हणजे फाइल एकच असल्याने ग्राफिक्सची क्वालिटीसुद्धा दोन्हीकडे एकच राहणार. डेस्कटॉपवर तिने सावल्या आणि टेक्स्चर सगळं वरच्या टोकाला ठेवलं होतं, तेच लॅपटॉपवर येतं आणि गर्दीच्या जागी गेम अडखळतो. टेक्स्चर ४ जीबीत मावतात, अडखळणं सावल्यांमुळे आहे, त्या मिडियम केल्या की लॅपटॉपवर सरळ चालतं. बहिणीला दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं, डेस्कटॉपवर मिडियम सावल्या बघून ती म्हणाली मला काही फरक दिसत नाही दादा, ठेव असंच. ठेवलं.